अकरावा थांबा

तक्रारकाकांना पगार मिळायचा तो ऐकण्याचा. पाणीपुरवठा कार्यालयात तळमजल्यावर तक्रारींची खिडकी होती आणि तिच्यामागे एकतीस वर्षं काका. माणसं यायची, नळाला पाणी नाही म्हणायची, आलं तर गढूळ आलं म्हणायची, एखादी बाई रडायचीसुद्धा. काका मान जराशी डावीकडे कलती करायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि समोरच्याचं बोलून झालं की म्हणायचे, "नोंद घेतली." माणूस समाधानानं घरी जायचा. पाणी येवो न येवो, कुणीतरी ऐकलं ना, झालं तर मग. खरं सांगायचं तर पहिल्या चार शब्दांनंतर काकांच्या कानात काही शिरतच नसे. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. पण ती मान अशी सुरेख कलायची की उत्तम श्रोता म्हणून त्यांना कार्यालयाकडून दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं. दोन्ही त्यांनी दिवाणखान्यात लावली होती, बायको बसायची त्या खुर्चीच्या बरोबर वर.

आता तुम्हीच सांगा, जे काम दिवसभर पगार घेऊन करायचं ते संध्याकाळी घरी फुकट कोण करेल?

काकूंच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. सुरुवातीची दोन वर्षं त्या वाट बघत बोलल्या, मग नुसत्याच बोलत राहिल्या. एकदा परीक्षा म्हणून जेवताना म्हणाल्या, "आज भाजीत चमचाभर साबण घातलाय." काका म्हणाले, "हं, बरं झालं," आणि भाजी परत वाढून घेतली. काकूंनी कधी ऑफिसच्या टेलिफोनवर फोन केला की काका विचारायचे, "कोण बोलतंय?" काकू म्हणायच्या, "मी." काका म्हणायचे, "मी कोण? नाव, पत्ता, कनेक्शन नंबर सांगा."

तर अशा या काकू दुपारी काय करायच्या, हे काकांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्या अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. फुकट करायच्या आणि मन लावून करायच्या. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्याला त्यांचा आवाज आवडला. एक दिवस तो म्हणाला, "काकू, एक काम आलंय. जंगलातून जाणारा साठ किलोमीटरचा रस्ता आहे. लोकांनी आपापली गाडी घेऊन जायचं, फोन गाडीच्या स्पीकरला जोडायचा. गाडी ठरलेल्या जागी पोचली की फोन आपोआप बोलणार, डावीकडे बघा, उजवीकडे बघा. गाईड नाही, काही नाही. तो आवाज तुम्ही द्या."

काकूंनी दिला. कपाटाएवढी खोली, भिंतींना स्पंज चिकटवलेला, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. घामाच्या धारा पुसत काकू म्हणत होत्या, "समोर पाहा. या गार वाऱ्यात सरोवराचं पाणी कसं शहारतंय." ते जंगल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ज्या लेखकानं मजकूर लिहिला त्यानंही पाहिलं असावं असं वाटत नाही, कारण अकरा थांब्यांत त्यानं 'नयनरम्य' हा शब्द एकोणीस वेळा घातला होता. काकूंनी त्यातले सोळा गुपचूप गाळले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अकराव्या थांब्याला मात्र लेखकाचे शब्द संपले असावेत. तिथं त्यानं एवढंच लिहिलं होतं, 'शांतता, दोन मिनिटं.' रेकॉर्डिंगवाला डोकं खाजवून म्हणाला, "दोन मिनिटं आवाज नाही म्हटल्यावर लोकांना वाटेल फोन गेला. काहीतरी बोला की तुमच्या मनानं." काकूंनी क्षणभर विचार केला आणि माइककडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "आता इंजिन बंद करा. शेजारी बसलेल्या माणसाकडे वळा. त्याला विचारा, तुझ्या मनात काय आहे? आणि दोन मिनिटं, मध्ये न बोलता, ऐका."

रेकॉर्डिंगवाला हसला. "झकास," म्हणाला, आणि ते तसंच ठेवलं.

ती सफर लोकांना इतकी आवडली की कंपनीनं समुद्रकाठच्या रस्त्यांची अख्खी मालिका करायची ठरवली. आवाज याच बाईंचा हवा, म्हणाले. शिवाय या वेळी कपाटात बसून नाही, प्रत्यक्ष त्या वाटांनी हिंडून बोलायचं. सहा आठवडे तिकडेच राहायचं. गाडी सोमवारी सकाळी साडेसातला निघणार, येणार असाल तर रविवार संध्याकाळपर्यंत कळवा.

काकूंना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं, कित्येक वर्षांत कशासाठी जीव एवढा आतुर झाला नव्हता. परवानगी नको होती त्यांना. पण सत्तावीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्यानं एकदा, एकदाच, आपण काय म्हणतोय ते ऐकावं आणि मग आपण निघावं, एवढी इच्छा होती. तीन वेळा सांगून पाहिलं. एकदा चहाच्या वेळी, एकदा बातम्या संपल्यावर, एकदा दोघं जिना चढत असताना, कारण तिथं त्यांना पळायला जागा नव्हती. तिन्ही वेळा मान डावीकडे कलली आणि उत्तर आलं, "नोंद घेतली."

आणि अशात गुरुवारी काका ऑफिसातून आले ते उड्या मारतच. "अगं, एक नवीन निघालंय. जंगलातून गाडीनं जायचं आणि फोन माहिती देतो. आमचे बिलविभागाचे साहेब जाऊन आले. ती बाई काय बोलते म्हणाले, ऐकतच राहावं. शनिवारी जाऊ."

काकू कणीक मळत होत्या. त्यांचा हात थांबला. महिन्याभरापूर्वी हीच सफर त्यांनी स्वतः सुचवली होती. पण ते जाऊ द्या. शनिवारी शेजारच्या सीटवर आपण बसणार, अकराव्या थांब्यावर आपलाच आवाज त्यांना सांगणार, बायकोचं ऐक म्हणून. आणि त्याआधी आवाज ओळखला त्यांनी, तर मग काय, सोन्याहून पिवळं. त्या म्हणाल्या, "जाऊ या."

शनिवारी मागच्या सीटवर वन्सं होत्या. काकांच्या थोरल्या बहीण, सत्तरी ओलांडलेल्या. एका कानात मशीन, दुसरा कान जन्मापासूनच यथातथा, जीभ मात्र ठणठणीत. जंगलाच्या तोंडाशी काकांनी फोन जोडला आणि स्पीकरमधून आवाज आला, "नमस्कार. आजच्या प्रवासात मी तुमच्या सोबत आहे. घाई करू नका. जंगल कुठंही पळून जात नाही."

"वा," काका म्हणाले. "काय आवाज आहे."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता, पण मान सरळ होती. डोळे टक्क उघडे. लग्न ठरायच्या आधी काकूंना बघायला आला होता त्या दिवसानंतर हा माणूस असा कान टवकारून बसलेला त्यांनी पाहिला नव्हता.

"मला काय वाटतं," काकूंनी सुरुवात केली, "हा आवाज..."

"श्श," काका म्हणाले. "गप्प बस जरा. बाई काय म्हणतायत ते ऐकू दे."

काकू गप्प बसल्या. करता काय, त्यांना त्यांच्याच आवाजानं गप्प केलं होतं.

दुसऱ्या थांब्यावर बाई म्हणाल्या, काचा खाली करा. काकांनी चारही काचा खाली केल्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, वन्संनी शाल डोक्यावरून घेतली. बाई म्हणाल्या, तीन वेळा दीर्घ श्वास घ्या. काकांनी तीन वेळा घेतला आणि या दोघींना घ्यायला लावला. पुढच्या मागच्या गाड्यांतही तेच चाललं होतं. ओळीनं पंधरा गाड्या उभ्या, काचा खाली, आतली माणसं शाळेतल्यासारखी एकदम श्वास घेतायत आणि एकदम सोडतायत. एवढ्यांनी आपलं ऐकलं म्हटल्यावर काकूंना खरं तर अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही थोडा. पण त्या पंधरा गाड्यांशी त्यांना काय करायचं होतं?

तिसऱ्या थांब्यावर बाई म्हणाल्या, "डावीकडच्या कुरणात नशीब असेल तर हरणं दिसतील." गाड्या थांबल्या, सगळ्या माना डावीकडे वळल्या, फोन वर झाले. कुरणात गवत होतं.

"अरे," वन्सं मागून म्हणाल्या, "इकडे आहेत हरणं. उजव्या बाजूला. सात आहेत."

"डावीकडे म्हणाल्यात बाई," काका मान न वळवता म्हणाले.

"पण आहेत इकडे."

"ताई, त्यांनी अभ्यास करून सांगितलंय. उगाच आपलं काहीतरी नको." आणि त्यांनी डावीकडच्या गवताचे सहा फोटो काढले. सात हरणं रस्ता ओलांडून गाड्यांच्या मागून निघून गेली. त्यातल्या एकानं वन्संच्या खिडकीपाशी थांबून आत पाहिलं. वन्संनीही त्याच्याकडे पाहिलं, मग काकूंच्या मानेकडे पाहिलं आणि कानातलं मशीन जरा नीट बसवलं.

चौथा थांबा सुरू झाला. बाई म्हणाल्या, "हा घाट चढताना गाडीला दम लागेल, तिला लागू द्या." वन्सं पुढं वाकल्या आणि काकूंच्या खांद्यावर बोट मारलं. काकूंनी वळून पाहिलं. वन्संनी आधी स्पीकरकडे बोट दाखवलं, मग त्यांच्याकडे. काकूंनी मान डोलावली आणि ओठांवर बोट ठेवलं. वन्सं मागं टेकल्या. बहिरी म्हणून ज्यांना घरात कुणी काही सांगत नाही, त्या बाईनं चौथ्या थांब्यावर ओळखलं. आणि ज्याच्या कानांना दोन प्रशस्तिपत्रं मिळाली तो म्हणत होता, "लागू द्या म्हणे. किती समजूतदार बाई. घरच्यांनी काय नशीब काढलं असेल."

"हो ना," वन्सं म्हणाल्या. "कोण असेल रे घरी?"

"कुणी का असेना. सुखी असणार."

सातव्या थांब्यावर सरोवर आलं. स्पंजच्या खोलीत काकूंनी ज्याचं इतकं कौतुक केलं होतं ते हे सरोवर. त्या गाडीतून उतरल्या. पाणी खरोखरच शहारत होतं. आपण न पाहता बोललो ते खोटं नव्हतं, हे पाहून काकूंना भरून आलं. काठच्या एका दगडावर त्या बसल्या आणि मनाशी म्हणाल्या, समुद्र तर मी पाहून बोलणार आहे. काका गाडीतच होते. बाईंनी अजून उतरायला सांगितलं नव्हतं.

दहाव्या थांब्यानंतर आभाळ भरून आलं. वन्संना आणखी निकडीची अडचण आली होती. "अरे, आता घरी चल," त्या म्हणाल्या. "माझ्यानं धरवत नाही. पुढं काय ते झाडच असणार."

काकांनी आरशातून मागं पाहिलं. परतीचा फाटा समोर दिसत होता. काकूंनी सीटची कड घट्ट धरली. इथून वळलो तर संपलं. सोमवारी साडेसातला गाडी निघेल आणि आपण तीच, न ऐकलेली. त्या काही बोलणार तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, "आता एकच थांबा उरला आहे. तो चुकवू नका."

"पाहिलंस?" काका म्हणाले. "चुकवू नका म्हणतायत. ताई, दहा मिनिटं कळ काढ." आणि गाडी सरळ गेली. वन्संनी काकूंकडे असा काही कटाक्ष टाकला की काकूंनी मान खाली घातली.

अकरावा थांबा म्हणजे उतारावरची मोकळी जागा. खाली जंगल, वर ढग. आणखी तीन-चार गाड्या उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, "आता इंजिन बंद करा." काकांनी बंद केलं. "शेजारी बसलेल्या माणसाकडे वळा." काका वळले. पट्टा आड येत होता, तो सोडून नीट वळले. "त्याला विचारा, तुझ्या मनात काय आहे?"

काकांनी घसा साफ केला. "तुझ्या मनात काय आहे?"

"आणि दोन मिनिटं, मध्ये न बोलता, ऐका."

काकांनी घड्याळात पाहिलं.

काकूंनी हे दोन मिनिटांचं बोलणं दोन दिवस पाठ केलं होतं. ऐन वेळी त्यातलं अर्धं विसरल्या. "मला काम आलंय," त्या म्हणाल्या. "समुद्रकाठी. सहा आठवडे. सोमवारी सकाळी निघायचंय. मी तुम्हाला तीनदा सांगितलं. मला जायचंय आणि मी जाणार आहे, तुम्ही हो म्हणावं म्हणून सांगत नाहीये. दुपारभर मी काय करते हे तुम्ही एकदा तरी विचारावं असं मला फार वाटायचं. वाटायचं काय, अजून वाटतं. घरात मी बोलते आणि ते जातं कुठं तेच कळत नाही. भांडलात तरी चालेल हो, पण..."

आणि इथं त्यांनी पाहिलं. मान हळूच डावीकडे कलली होती. डोळे अर्धे मिटले होते. तोच चेहरा, खिडकीमागचा, प्रशस्तिपत्रवाला.

काकू थांबल्या. अजून मिनिटभर शिल्लक होतं. त्यांनी ते बोलण्यात घालवलं नाही, नवऱ्याच्या कानाकडे पाहत बसून राहिल्या. राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त स्वतःची लाज वाटत होती, या कानासाठी दोन दिवस पाठांतर केलं म्हणून.

शांतता पाहून काकांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं बरोबर भरली. "नोंद घेतली," ते म्हणाले.

"धन्यवाद," स्पीकरमधली बाई म्हणाली. "आता इंजिन सुरू करा. सावकाश जा. आजचा प्रवास लक्षात राहू द्या."

"अरे मेल्या," वन्सं मागून म्हणाल्या, "ही बोलणारी बाई कोण आहे माहितेय का तुला?"

"कोण?"

"तुझी बायको. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

काका मोठ्यानं हसले. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ताई, तुझ्या मशीनची बॅटरी बदलायला झाली." आणि काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का, काय म्हणते ही?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या.

रविवारी दुपारी काका झोपले होते. काकूंनी आधी रेकॉर्डिंगवाल्याला फोन करून 'येते' म्हणून कळवलं. मग बेडरूममधलं कपाट उघडलं, आत लोंबणाऱ्या साड्या आणि कोट यांच्यामध्ये स्टूल टाकलं, दार लावून घेतलं आणि फोनमध्ये अर्धा तास बोलल्या. सोमवारी सकाळी बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा काका वर्तमानपत्र वाचत होते.

"निघते," काकू म्हणाल्या. "घरासाठी एक रेकॉर्डिंग तुमच्या फोनवर पाठवलंय. लागलं तर ऐका."

"हं," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "येताना ब्रेड आण."

समुद्रकाठी काकूंना मिळालेल्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीत बाकी काही नाही, समुद्रच होता. त्याच संध्याकाळी सातच्या सुमारास काकूंचा फोन वाजला. त्यांनी उचलला.

"कोण बोलतंय?" काकूंनी विचारलं.

"मी," काका म्हणाले. आवाज जरा बसका होता. "ते तुझं सांगितलेलं केलं सगळं. थांबा क्रमांक एक, गॅस. दोन, डावीकडे वळा, वरच्या फळीवर चहाची पूड, सत्तावीस वर्षं तिथंच आहे म्हणालीस. होती तिथंच. तिसऱ्या थांब्याला दूध उतू गेलं, पण ती माझी चूक. चारला खुर्चीवर बसलो, तुझ्या. पाचवा झाला. सहावा शेवटचा होता." ते थांबले. मग घसा साफ केला. "तुझ्या मनात काय आहे?"

सहाव्या थांब्यावर काकूंनी काय सांगून ठेवलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. मला फोन लावा, विचारा, आणि दोन मिनिटं मध्ये न बोलता ऐका. त्या काही बोलल्या नाहीत. पलीकडे मान सरळ आहे की कलली आहे, हे फोनवरून कसं दिसणार? खालून लाटांचा आवाज येत होता, तो तेवढा त्यांनी फोनमधून पलीकडे जाऊ दिला.

दोन मिनिटं काका गप्प राहिले, आणि त्याहूनही बराच वेळ. मग म्हणाले, "त्या जंगलातल्या बाई तूच होतीस."

"हो."

"ताई बरोबर बोलत होती."

"हो."

पलीकडे खुर्ची करकरली. काका दुखावलेल्या सुरात म्हणाले, "मग आधी सांगायचंस ना मला."

काकूंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मान जराशी डावीकडे कलती केली.

"नोंद घेतली," त्या म्हणाल्या.

काकांनी फोन ठेवला नाही. काकूंनीही नाही.